नावं गाळून वाचायची सवय

दस्तयेव्स्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात असताना, इंग्रजीतून, आणि नायकाचं नाव मनातल्या मनातसुद्धा एकदाही न उच्चारता. मोठा आर दिसायचा, मागं लांबलचक शेपूट, शेवटी ‘ओव्ह’. हा तोच, एवढं कळलं की नजर पुढं सरकायची. असं करत पाचशेच्या वर पानं वाचली. कादंबरीनं झोप उडवली होती, त्यामुळे आपण काही गाळतोय असं तेव्हा वाटलंच नाही.

पण गाळत होते. या कादंबरीत आरवाले दोन आहेत, खून करणारा रस्कोल्निकोव आणि त्याचा जिवाभावाचा मित्र रझुमीखिन. एलवालेही दोन, लूझिन आणि लेबेझ्यात्निकोव, आणि ते राहतात एकाच खोलीत. तिथले संवाद मी कोण बोलतंय हे न कळताच वाचून टाकले. त्याहून वाईट म्हणजे नायकाची बहीण दून्या आणि मधेच उगवणारी अव्दोत्या रोमानोव्ना या दोन वेगळ्या बायका आहेत असं मी कितीतरी पानं धरून चालले होते. ती एकच मुलगी आहे हे कळलं तेव्हा मागं जाऊन पुन्हा वाचायचा धीर नव्हता. पुढं कुठलीही परदेशी कादंबरी हातात आली की डोळे आपोआप तसेच चालायचे. पहिलं अक्षर टिपायचं आणि पुढं.

ही सवय मोडली ती नानांमुळे.

नाना, म्हणजे माझे वडील, पोस्टमन होते. जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या गावांमधून त्यांनी सायकलवर टपाल वाटलं. निवृत्तीनंतर दिवसभर वाचायचे. मग काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांच्या कडा खाल्ल्या आणि नळीतून पाहावं तेवढंच मधोमध दिसायचं राहिलं. चार बोटं उंचीचं अक्षर वाचता येतं, पुस्तकाची ओळ सापडत नाही. ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा संध्याकाळच्या चहानंतर तासभर मी वाचून दाखवायचं असं ठरलं. त्यांच्या आवडीचं मराठी बरंच वाचून झाल्यावर ते म्हणाले, “आता तुला आवडलेलं काहीतरी वाच.” मी कॉलेजातली तीच प्रत काढली. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं मराठीत सांगायचं, असं सुरू झालं.

पहिली काही पानं सुरळीत गेली, कारण तिथं नायकाला नावच नाही. नुसता एक तरुण आहे, जुलैच्या उकाड्यात घराबाहेर पडलेला. मग तो वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या म्हातारीच्या दारात उभा राहतो आणि स्वतःचं नाव सांगतो. तिथं मी अडखळले, गुळमुळीत काहीतरी बोलून पुढं जाऊ लागले.

“थांब. काय नाव म्हणाला तो?”

“आहे काहीतरी अवघड. रास्को... आपण त्याला राघव म्हणू या का नाना? सोपं जाईल.”

“तो दारात उभा राहून स्वतःचं नाव सांगतोय आणि आपण त्याला राघव म्हणायचं? ज्याच्या नावाचं टपाल त्याच्याच हातात द्यायचं असतं, बाई. नीट वाच.”

मी नीट वाचायचा प्रयत्न केला आणि लक्षात आलं, की हे नाव मला वाचताच येत नाही. हजार वेळा पाहिलेलं नाव. चेहरा ओळखीचा आणि आवाज कधी ऐकलेला नाही, अशी माझी आणि त्या माणसाची ओळख होती. त्या संध्याकाळी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी आधी नावांना बसायचं, मग गोष्टीला, असं नानांनी ठरवलं.

माझी एक मैत्रीण पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेली आहे. तिला फोन लावला. तिचं पहिलंच म्हणणं असं, की इंग्रजी स्पेलिंगकडे बघत बसू नकोस, देवनागरीत लिही. रशियनमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. इंग्रजीतून येताना त्यांचे ट आणि ड होतात. आपण टॉलस्टॉय म्हणतो, तिकडे ते तल्स्तोय आहे, आघात शेवटच्या ‘स्तोय’वर. इंग्रजीत झेड लिहिलेला असतो तो ‘रोज’ म्हणताना येतो त्या आपल्या ज-च्या जवळचा. आणि आपण ज्याला झार म्हणतो त्याच्या सुरुवातीला ‘चमचा’तला च आहे. तो च इंग्रजीला दोन अक्षरं जोडून लिहावा लागतो, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे. हे ऐकून मला खरंच आनंद झाला. इतकी वर्षं जी नावं मी परकी म्हणून ओलांडून जात होते, त्यांचे निम्मे आवाज माझ्याच भाषेत होते.

अवघड भाग पुढं होता. रशियन शब्दात एका अक्षरावर आघात असतो आणि आघात नसलेला ‘ओ’ बराचसा ‘अ’सारखा ऐकू येतो. म्हणून दस्तयेव्स्की. शब्दाच्या शेवटचा ‘व’ तर ‘फ’ होतो. मैत्रिणीनं म्हणून दाखवलं, “रस्कोल्निकफ.” ‘कोल’वर जोर, बाकीचं पटकन. फोन स्पीकरवर होता. नानांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि सांगितलं, की फ त्यांना जमणार नाही, ते ‘व’च म्हणतील. मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. वाचणाऱ्याला तिथल्या लोकांसारखा उच्चार यायलाच हवा असं नाही. त्याला एक आवाज हवा, पक्का, दर वेळी तोच. कागदावर आम्ही रस्कोल्निकोवच लिहिलं आणि ‘को’खाली लाल रेघ मारली. लाल रेघ दिसली की तिथं थोडं थांबायचं, एवढा नियम. पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्ना हे नायकाच्या आईचं नाव मी आधी भाजीच्या जुडीसारखं सोडवून घेतलं. पुल, खे, रिया. मग अलेक्, सां, द्रोव्, ना. हळू दहा वेळा, मग सलग. तिसऱ्या दिवशी ते तोंडात बसलं. त्यानंतर त्या बाईंचं पत्र वाचताना त्या मला पहिल्यांदा आई वाटल्या.

नावं लिहिली कशावर, तर एका बँकेच्या मोठ्या कॅलेंडरवर. जुनी पानं, मागून कोरी. जाड काळा मार्कर. मी सगळी नावं एकाखाली एक उतरवायला लागले तेव्हा नानांनी हात धरला. “अशी यादी करून टपाल वाटता येत नाही. घरं पाड.” एका घराला एक पान. वर आडनाव मोठ्या अक्षरांत, खाली प्रत्येकाचं नाव आणि वडिलांचं नाव, त्याखाली घरात कोण काय हाक मारतं ते. पहिलं पान त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवलं. त्यावर होतं:

रस्कोल्निकोव. रोदिओन रोमानोविच, रोद्या. अव्दोत्या रोमानोव्ना, दून्या. आई पुल्खेरिया अलेक्सांद्रोव्ना.

नाना मान इकडेतिकडे हलवत, त्या नळीएवढ्या नजरेत एकेक शब्द आणत वाचत होते. मग म्हणाले, “दोघा भावंडांच्या मधे रोमान आहे. म्हणजे वडील रोमान.”

ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं सांगितली नव्हती असं नाही. रशियन माणसाला नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं पितृनाम आणि आडनाव असं तीन भागांचं नाव असतं, मुलाला ‘ओविच’ किंवा ‘एविच’, मुलीला ‘ओव्ना’ किंवा ‘एव्ना’ लागतं, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. पण ती आपल्यासारखीच रीत आहे हे डोक्यात आलं नव्हतं. आपण मुलाचं नाव शाळेत घालताना दुसरं काय करतो? नानांच्या बीटवर तर अशी गावं होती, की निम्मी वस्ती एका आडनावाची. एकाच नावाआडनावाचे तीन चौधरी एका आळीत. वडिलांचं नाव न बघता एकदा त्यांच्या हातून मनीऑर्डर भलत्याच चौधरींना दिली गेली आणि ते पैसे परत मिळवताना आठवडाभर घशाखाली घास उतरला नव्हता. तेव्हापासून पाकीट हातात आलं की ते आधी मधलं नाव वाचत. मी ज्या भागाला शेपूट समजून गाळत होते, तिथंच त्यांची नजर पहिल्यांदा जात होती.

मधल्या नावानं हाक मारणं म्हणजे मान देणं, हेही आपल्याला नवीन नाही. पुलं म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण, वपु म्हणजे वसंत पुरुषोत्तम. आडनावाशिवाय, स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि त्यात केवढी आपुलकी. या कादंबरीतला तपास करणारा माणूस पोर्फिरी पेत्रोविच. त्याचं आडनाव पुस्तकभर कुठं येतच नाही. कॉलेजात मला ते खटकलं होतं, आपल्याच नजरेतून सुटलं असेल असं वाटलं होतं. नाना म्हणाले, “पुलंचं आडनाव कोण घेतं?”

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मला आत कुठंतरी लागला. “मग आईच्या मधे रोमान का नाही? अलेक्सांद्र कोण?”

अलेक्सांद्र तिचे वडील. रशियात लग्न झालं तरी बाईचं पितृनाम बदलत नाही. याच कादंबरीतल्या कातेरिना इवानोव्नाची दोन लग्नं झाली, आडनाव दोनदा बदललं, पण मरेपर्यंत ती इवानची मुलगीच राहिली. हे नानांना सांगताना माझा आवाज जरा बदलला असावा. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मधे नानांचं नाव आहे. लग्नानंतर रेशनकार्डावर, बँकेत, आधारवर ते गेलं. त्याबद्दल मी कधी फारसा विचार केला नव्हता. नाना थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “चांगली पद्धत आहे.” आणि वाच म्हणाले.

हाकांचं गणित आम्हाला सगळ्यात लवकर समजलं, कारण ते घरचंच होतं. आपल्याकडे गणपतचा गणपतराव होतो, गणू होतो, गण्या होतो. कोण म्हणतंय आणि कशासाठी, त्यावर ते ठरतं. तिकडे रोदिओनचा रोद्या होतो, सोफ्याची सोन्या, आणि फार माया आली की सोनेच्का. आई पत्राच्या पहिल्याच ओळीत रोद्या म्हणते. पोर्फिरी त्याला घोळात घेताना अगदी गोड आवाजात रोदिओन रोमानोविच म्हणतो. मोठ्यानं वाचताना त्या गोडव्याची भीती वाटते. डोळ्यांनी नावं गाळून वाचताना मला ती कधी वाटली नव्हती.

यातून मला स्वतःला एक मोठा फायदा झाला. इंग्रजी पुस्तकात सगळीकडे एकच ‘यू’. मराठीत सांगताना मला प्रत्येक वाक्याला ठरवावं लागायचं, हा तिला तू म्हणेल की तुम्ही? सुरुवातीला अंदाजानं काहीही म्हणायची, मग नाना टोकायचे. हळूहळू मी नावाचं रूप पाहून ठरवू लागले. नाव आणि पितृनाम असेल तर तुम्ही, सोन्या-रोद्या असेल तर तू. रस्कोल्निकोव सुरुवातीला त्या मुलीला सोफ्या सेम्योनोव्ना म्हणतो. गरिबीनं देह विकायला लागलेली, लोक जिच्यापासून अंग चोरतात अशी मुलगी, आणि हा तिला पूर्ण नावानं हाक मारतो, आपल्या आईच्या आणि बहिणीच्या शेजारी बसवतो. तिथं मी “सोफ्या सेम्योनोव्ना, बसा” असं म्हणाले आणि माझा गळा दाटून आला. कॉलेजात याच पानावर माझी नजर एस या अक्षरावरून घसरत पुढं गेली होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पोलीस ठाण्यातली माणसं, भाडेकरू, डॉक्टर, यांची पानं करायची म्हटलं तर भिंत पुरली नसती. त्यांच्यासाठी आम्ही नावाऐवजी काम लक्षात ठेवलं, आणि त्यानं काही बिघडलं नाही. पेत्रोविच तीन निघाले. पोर्फिरी, लूझिनचं नाव प्योत्र पेत्रोविच, आणि पोलिसातला तापट इल्या पेत्रोविच. नाना पहिल्यांदा त्यांना भाऊ समजले आणि दोन दिवस तसंच चालू राहिलं. बोलताना ही माणसं पितृनाम आखूडही करतात, रोमानोविचचं रोमानिच होतं, तेव्हा पुन्हा भिंतीकडे बघावं लागायचं. आणि मैत्रीण म्हणाली, की रझुमीखिनच्या नावात ‘राझुम’ आहे, म्हणजे बुद्धी, आणि रस्कोल्निकोवच्या नावात ‘रस्कोल’, म्हणजे फूट, दुभंग. नानांनी मला त्या दोन शब्दांचे अर्थ आडनावांखाली बारीक लिहायला लावले, त्यांना स्वतःला ते दिसणार नव्हते तरी.

ही कादंबरी संपायला साडेतीन महिने लागले. मग ‘करमाझोव बंधू’ घेतली, कॉन्स्टन्स गार्नेटबाईंचं 1912 सालचं इंग्रजी भाषांतर. आता पानं नाना स्वतः सांगत होते, मी फक्त लिहित होते. बाप फ्योदोर पावलोविच. मुलगे तीन. दिमित्री फ्योदोरोविच म्हणजे मीत्या, अलेक्सेय फ्योदोरोविच म्हणजे अल्योशा, आणि इवान फ्योदोरोविच, ज्याला लाडाचं नाव घेऊन हाक मारणारं क्वचितच कोणी सापडतं. नानांनी इवानच्या नावाखालची जागा कोरी ठेवायला सांगितली. ती कोरी जागा दिसली की मला दर वेळी वाईट वाटायचं.

त्या घरात एक स्वयंपाकी आहे, स्मेर्द्याकोव. पहिल्याच भागात त्याच्या जन्माची हकिगत येते. गावात भटकणारी, बोलता न येणारी एक अनाथ मुलगी, लिझावेता. लोक तिला दुर्गंधी म्हणत, रशियनमधला तो शब्द ‘स्मेर्द’वरून. ती करमाझोवांच्या वाड्याच्या आवारात शिरून बाळंत होते आणि मरते. बापाबद्दल गावात कुजबुज असते. म्हातारा करमाझोव कानांवर हात ठेवतो. मुलाचं नाव पावेल ठेवतात, आणि लोक आपणहून त्याला फ्योदोरोविच जोडतात. म्हातारा त्याला हरकत घेत नाही, त्याला त्याची गंमत वाटते. आडनाव मात्र तोच देतो, आईच्या त्या टोपणनावावरून, स्मेर्द्याकोव.

मी वाचत पुढं गेले. नाना म्हणाले, “थांब. पुन्हा सांग. बाप कोण?”

“फ्योदोर पावलोविच.”

“आणि हा?”

“पावेल फ्योदोरोविच.”

नाना खाटेवरून उठले, भिंतीपाशी गेले, बोटानं पानावरची नावं चाचपडत डोळ्यांसमोर आणली. “फ्योदोर पावलोविच म्हणजे ह्याच्या बापाचं नाव पावेल. आणि ह्या पोराचं नाव पावेल. अगं, हे तर आजोबाचं नाव नातवाला ठेवलंय. आपल्याकडे ठेवतात तसं. घरातल्या तिघांपैकी एकाच्याही वाट्याला ते आलं नाही, ह्याच्या आलं.”

मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवलं. मला हे दिसलं नव्हतं. ते नाव नुकतंच माझ्या तोंडून गेलं होतं, तरी दिसलं नव्हतं.

“ह्याला त्यांच्या पानावर घे,” नाना म्हणाले. “खाली नको. भावांच्या ओळीत घे. आडनाव वेगळं लिही, पण ओळ तीच.”

मी मार्करनं इवान आणि अल्योशाच्या शेजारी पावेल फ्योदोरोविच लिहिलं. पुढची सगळी कादंबरी आम्ही त्या पानाकडे बघत ऐकली, आणि ज्या घरात ते तिघं त्याला नोकर म्हणून वागवतात त्या घरातला प्रत्येक प्रसंग त्या एका ओळीमुळे आम्हाला वेगळा लागला.

आता भिंतीवर तिसरा संच आहे. तल्स्तोयची आना. तिचा नवरा कारेनिन आणि तिचा प्रियकर व्रोन्स्की, दोघांचंही नाव अलेक्सेय. ती तापात असताना स्वतःच म्हणते, की दोघंही अलेक्सेय असावेत हे किती भयंकर. परवा मी ते पान वाचत होते. तिचं बरळणं मराठीत आणताना मी भराभर सांगत सुटले, अलेक्सेय असं, अलेक्सेय तसं. नानांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी नुसता हात वर केला.

“कुठला अलेक्सेय? वडिलांचं नाव सांग.”